समोरून तशीच गाडी आली आणि तिच्यातल्या माणसाने हात केला, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोक्सवॅगनची जुनी एअर-कूल्ड बीटल, म्हणजे मागे बसवलेलं आणि हवेने थंड होणारं इंजिन असलेली गाडी, नुकतीच घेतली. तिसऱ्याच दिवशी समोरून दुसरी बीटल आली आणि चालवणाऱ्या अनोळखी माणसाने हात केला. ओळखीचं कोणी आहे का, गाडीत काही बिघडलंय का, या विचारात पडेपर्यंत ती निघूनही गेली. हा काय प्रकार आहे, आधी कोणी हात करायचा, आणि ही नुसती हौस आहे की त्याला काही अर्थ आहे?

मी अठ्ठावीस वर्षं बीटल चालवतोय आणि त्यातली वीसेक वर्षं याच गाड्यांची कामं करतोय. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्थ आहे. त्या हातात दोन गोष्टी असतात. एक, "तुमच्याकडे काय आहे ते मला कळतं." दुसरी, "अडलात तर मी थांबेन." पहिली गोष्ट सगळ्यांच्या लगेच लक्षात येते. दुसरी कळायला बहुतेकांना एकदा तरी रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं. मलाही राहावं लागलं होतं. ते पुढे सांगतो.

मोटारी नव्या होत्या तेव्हा सगळ्याच मोटारवाल्यांचं नातं असं होतं. गाड्या मोजक्या, रस्ते वाईट, आणि दुरुस्तीची ठिकाणं लांब लांब. त्यामुळे दुसरी मोटार दिसणं म्हणजे हत्यारं आणि दोन जास्तीचे हात दिसणं होतं. ब्रिटनमध्ये १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली तीच मुळी पोलिसांच्या वेग मोजण्याच्या सापळ्यांची खबर सभासदांना देण्यासाठी. तिची माणसं सायकलवरून रस्त्यांवर फिरायची आणि पुढे सापळा असला की येणाऱ्या गाडीला इशारा करायची. १९१० साली एका खटल्यात न्यायालयाने ठरवलं की वेगात येणाऱ्याला असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. त्यावर संस्थेने रीतच उलटी केली. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की गस्तीवाल्याने सलाम करायचाच. सलाम केला नाही, तर सभासदाने थांबून कारण विचारायचं. सलाम न करण्याबद्दल कोणाला पकडणार? हा सलाम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण रस्त्यावरच्या हाताला पहिल्यापासून काम होतं हे तिच्यातून दिसतं. हात झाला म्हणजे सगळं ठीक आहे, नाही झाला तर काहीतरी वेगळं आहे.

पुढे गाड्या वाढल्या आणि सगळ्यांनी सगळ्यांना हात करणं आपोआप बंद पडलं. ते टिकलं फक्त अशा गाड्यांपाशी, ज्या कमी आहेत, लांबून ओळखू येतात आणि ज्यांच्या मालकांना एकमेकांची गरज लागते. या तिन्हीपैकी एक जरी गोष्ट गेली तरी हात खाली येतो, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

आपल्या बीटलचंच बघा. अमेरिकेत १९४९ साली तिच्या जेमतेम दोन गाड्या विकल्या गेल्या. अशा दिवसांत समोरून आणखी एक बीटल येणं ही केवढी मोठी गोष्ट असेल! दोन दशकांत तीच गाडी तिथे वर्षाला लाखांनी विकली जाऊ लागली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा दीड कोटींच्या उत्पादनाचा विक्रम मोडला. शेवटची जुनी बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली तेव्हा एकूण आकडा २,१५,२९,४६४ झाला होता. दर मिनिटाला एक बीटल दिसणाऱ्या रस्त्यावर कोण कोणाला हात करणार? आज त्या दोन कोटींहून जास्त गाड्यांतल्या चालत्या गाड्या रस्त्यावर क्वचित दिसतात, म्हणून हात परत वर आलाय. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पहिल्या मालकांतही हेच झालं. सुरुवातीला ते एकमेकांना बघून हात करायचे. गाड्या वाढल्या तसं ते ओसरलं, आणि जे काही उरलं ते चार्जरपाशी वाट बघताना होणाऱ्या बोलण्यात.

गरजेचं म्हणाल तर ती कारखाना बंद पडला की वाढते. साब ही स्वीडनची मोटार कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर ती गाडी सांभाळणाऱ्यांना दुसरा साबवाला म्हणजे कुठला सुटा भाग कुठे मिळेल ते सांगणारा माणूस झाला. सिट्रोएन २सीव्ही ही फ्रेंच गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात दिसली आणि १९९० मध्ये पोर्तुगालमध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्या चाहत्यांचा जागतिक मेळावा मात्र अजून दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरतो. तिथे लोक हजारो किलोमीटर तीच गाडी चालवत येतात आणि सुटे भाग मांडून बसतात. मेळाव्याला जाणाऱ्या रस्त्यावर दोन २सीव्ही एकमेकींना भेटल्या तर हात होणारच. तिच्या पुढच्या खिडकीची काच खाली सरकत नाही. खालचा अर्धा भाग बिजागरीवर वर उचलून अडकवायचा असतो. त्या फटीतून कोपर बाहेर आणि हात वर, असं ते दृश्य असतं. एकदा पाहिलंत की विसरणार नाही.

आता माझी गोष्ट. गाडी घेऊन मला तीनच महिने झाले होते. लांबलचक चढ, दुपारची वेळ, आणि डॅशवरचा लाल दिवा लागला. आधीच्या गाडीच्या सवयीने मी समजलो की चार्जिंग गेलं, बॅटरीवर घरी पोचू. बीटलमध्ये हा समज महागात पडतो. तिच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. मागचा पट्टा जनरेटर फिरवतो आणि जनरेटरच्याच दांड्यावर थंड हवा फेकणारा पंखा बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग आणि हवा एकदमच बंद होतात आणि चढावर इंजिन मिनिटांत तापतं. मी बहुधा दीड-दोन किलोमीटर तसाच गेलो. गरम तेलाचा वास यायला लागला तेव्हा कडेला घेतली, मागचं झाकण उघडलं आणि तुटलेला पट्टा हातात धरून उभा राहिलो.

समोरून एक फिकट निळी बीटल आली. चालवणाऱ्याने हात केला आणि तो पुढे निघून गेला. मला वाटलं, झालं. पण त्याला वळायला जागा पुढे होती. पाच मिनिटांत तो मागून आला, माझ्या गाडीच्या मागे बरंच अंतर सोडून थांबला आणि उतरून पहिला प्रश्न विचारला, "लाल दिवा लागल्यावर किती चालवलीत?" नाव नाही, गाव नाही. मी खरं सांगितलं. त्याने इंजिनाला हात लावला नाही. तेलाची कांडी काढून तेल बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "बसा जरा. निवू दे."

अर्ध्या तासाने त्याने आपल्या पुढच्या डिकीतून नवा पट्टा, एकवीसचा पाना आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर काढला. जनरेटरच्या पुलीला एक खाच असते. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून तो जनरेटरच्या बोल्टला टेकवला की पुली फिरत नाही आणि नट सुटतो. पुली दोन अर्ध्यांची असते आणि त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये पातळ गोल चकत्या असतात. मधल्या चकत्या काढल्या की पट्टा घट्ट होतो, वाढवल्या की सैल. जास्तीच्या चकत्या फेकायच्या नाहीत, बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी त्या शोधत बसावं लागत नाही. हे त्याने मला सांगितलं नाही, माझ्याकडून करून घेतलं. दोनदा चकत्या बदलाव्या लागल्या. शेवटी पट्ट्यावर मध्यभागी अंगठ्याने दाबलं तर तो साधारण दीड सेंटीमीटर आत गेला. "बास, आता नट तुम्हीच आवळा," तो म्हणाला.

मी पट्ट्याचे पैसे विचारले. त्याने घेतले नाहीत. "नवा घ्या आणि गाडीत ठेवा, म्हणजे झालं." इंजिन सुरू झालं, लाल दिवा विझला आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून मात्र समोरच्या बीटलला हात करताना मी तिच्या मागच्या झाकणाकडे बघतो.

आता कसा करायचा ते. इथे थोडा हिशोब उपयोगी पडतो. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतं. दोन्ही ८० ने असतील तर ४४ मीटरने. बीटलचा गोल चेहरा सरळ रस्त्यावर दीडशे मीटरवरून ओळखू येतो असं धरलं, तरी ६० च्या वेगाला तुमच्याकडे साडेचार सेकंदच असतात. त्यातला शेवटचा सेकंद निरुपयोगी, कारण तेव्हा समोरच्याची नजर तुमच्यावर नसते, रस्त्यावर असते. म्हणजे ओळखलं की लगेच हात. "हे आपल्यापैकीच का" याचा विचार करत बसलात की वेळ गेली. तुमचं तेच झालं आणि सगळ्यांचं पहिल्यांदा तेच होतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

हात मोठा करायची गरज नाही. स्टिअरिंग न सोडता चार बोटं वर उचलली तरी पुरतं. जीपवाले तेवढंच करतात आणि तेवढं दिसतं. हात बाहेर काढायचा असेल तर खिडकीकडचा हात काढा, दुसरा स्टिअरिंगवर घट्ट ठेवा. वळणावर, चौकात, गिअर टाकताना, ओव्हरटेक करताना, ओल्या रस्त्यावर हात करायचा नाही. जुन्या बीटलला पॉवर स्टिअरिंग नाही. एक चाक खड्ड्यात गेलं तर स्टिअरिंग हातातून हिसकतं, आणि त्या क्षणी एक हात हवेत असणं मला अजिबात मान्य नाही. समोरचाही त्याच अवस्थेत असू शकतो, म्हणून वळणावरच्या बीटलने हात केला नाही तर तिचं बरोबरच आहे.

डिपर देण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ओळख दाखवायला दिवे वापरू नका. दिव्याचा अर्थ दर ठिकाणी वेगळा लावतात. कोणी "तुम्ही आधी जा" समजतो, कोणी "मी येतोय, थांब". ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत तर दिव्याची उघडझाप फक्त आपण इथे आहोत हे कळवण्यासाठीच करावी, दुसरा कुठलाही निरोप देण्यासाठी नाही, असं लिहिलेलं आहे. तुमच्या मागून येणाऱ्यालाही त्या डिपरचा निरोप भलताच लागू शकतो. एकाच गाडीच्या बाबतीत मला हा मोह समजतो, ती म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ ला आलेल्या त्या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमधून वर येतात. भर दिवसा समोरच्या एमएक्स-५ ने दिवे वर करून परत खाली घेतले की डोळे मिचकावल्यासारखं वाटतं. पुढच्या पिढीत दिवे बॉनेटमध्येच पक्के बसवले आणि तो प्रकार जुन्या गाड्यांपुरताच राहिला.

आधी कोणी करायचा? जीपवाल्यांत असं मानतात की नव्या गाडीवाल्याने जुन्या गाडीला आधी हात करावा. जुन्या गाडीचा मान ठेवायचा ही भावना मला पटते, पण रस्त्यावर साडेचार सेकंदांत समोरची गाडी कुठल्या सालची आहे याचा निवाडा होत नाही. ज्याला आधी दिसलं त्याने आधी करावा. जीपवाल्यांचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. २०२० साली कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एका जीपमालकिणीने दुसऱ्याच्या उभ्या जीपवर रबरी बदक ठेवलं आणि ती रीत जगभर पसरली. आज कित्येक जीपच्या काचेमागे बदकांची रांग दिसते. चालत्या गाडीतून हात, उभ्या गाडीला बदक. आपल्यात ते नाही. पण उभ्या बीटलच्या वायपरखाली चिठ्ठी ठेवायला काय हरकत आहे? मी ठेवतो. एकदा मी लिहिलं होतं, "मागच्या डाव्या टायरची आतली कड झिजली आहे, बघून घ्या." गाडीच्या मालकाला ती कड उभं राहून दिसणारच नव्हती.

तुम्ही हात केलात आणि उत्तर आलं नाही, असं पुष्कळदा होईल. काचेवर ऊन असतं, खांबाआड चेहरा असतो, गाडी मित्राची मागून आणलेली असते, किंवा माणूस तुमच्यासारखा तीन दिवसांचा असतो. कोणी दवाखान्यात निघालेला असतो. मी हात करतो आणि मोजत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण लवकरच पडेल: नव्या बीटलला हात करायचा का? १९९७-९८ मध्ये आलेल्या त्या गाडीचं इंजिन पुढे आहे, त्यात पाणी आहे, आणि खालचा सांगाडा फोक्सवॅगनच्याच गोल्फ या गाडीचा आहे. आपल्या गाडीशी तिचं नातं दिसण्यापुरतंच. बरीच वर्षं मी त्यांना हात करत नसे आणि त्याचं समर्थनही करत असे. आता करतो. एवढ्या गाड्यांतून ज्या माणसाने तो गोल आकार निवडला, त्याला तो का निवडावासा वाटला हे मला कळतं, आणि माझ्या दुकानात जुन्या बीटलसाठी आलेली निम्मी तरुण मंडळी आधी नव्या बीटलच्या मागच्या सीटवर बसून मोठी झालेली आहेत. तरी ज्यांना नाही करावासा वाटत त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता हाताचा दुसरा अर्थ, म्हणजे थांबणं. मागचं झाकण उघडी बीटल कडेला दिसली तर निदान वेग कमी करा आणि त्या माणसाकडे बघा. त्याने अंगठा वर केला तर पुढे जा. नाही केला तर थांबा, पण आपली गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घेऊन, इशाऱ्याचे दिवे लावून. वळणाच्या पलीकडे असाल तर इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधीच दिसेल असा ठेवा. थांबायला सुरक्षित जागा नसेल, रात्र असेल, तुम्ही एकटे असाल आणि मन मागे ओढत असेल, तर पुढे जाऊन फोन करणं हीसुद्धा मदतच आहे. थांबलात तर विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नका. गाडी त्याची आहे. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली कोणालाही, कितीही घाई असली तरी, जाऊ देऊ नका.

जवळ काय ठेवावं? बीटलला रस्त्यात थांबवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पट्टा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, पॉइंट आणि कंडेन्सर (इंजिनातली ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग), थोडे फ्यूज. हे सगळं एका लहान पिशवीत मावतं. एकवीसचा पाना आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर विसरू नका. केबल नसेल तरी घरी पोचता येतं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल तुटली तर कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा स्क्रू आत फिरवून इंजिनाची गती वाढवायची आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं. क्लचची केबल तुटली तर पहिल्या गिअरमध्येच ठेवून स्टार्टर मारायचा, गाडी झटक्याने निघते, आणि पुढचे गिअर इंजिनाच्या आवाजावर जुळवून टाकायचे. हे शिकायला रिकामं मैदान बघा, आणि शक्यतो आधी कोणाच्या शेजारी बसून बघा. टोचन करायची वेळ आली तर दोर बंपरला बांधू नका, ओढण्यासाठी दिलेल्या जागेलाच बांधा.

राहिला तुमचा तो पहिला माणूस. एकाच भागातले जुन्या गाड्यांचे लोक ठरावीक रस्ते आणि ठरावीक वेळा पाळतात, कारण गर्दीत या गाड्या तापतात आणि रात्री दिवे मंद पडतात. सकाळी लवकर, त्याच रस्त्याला, त्याच वारी जाऊन बघा. सरळ रस्ता आला की काच आधीच खाली करून ठेवा.